पाहुण्याला ब्रूपब सुचवताना बिअरचं ॲप किती कामाचं? काही महिन्यांच्या वापरानंतर

कामानिमित्त आलेले लोक, कुणाचे तरी मित्र, मित्रांचे चुलत भाऊ... सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "एकच संध्याकाळ हातात आहे, इथली चांगली क्राफ्ट बिअर कुठे मिळेल?" आमच्या गोतावळ्यात हे खातं आपोआप माझ्याकडे आलंय. दर वेळी आठवून सांगण्यापेक्षा नीट नोंद असावी म्हणून बिअर नोंदवायचं एक ॲप घेतलं आणि काही महिने नेमाने वापरलं, आधी फुकटातलं आणि मग पैसे भरून. नाव मुद्दाम देत नाही. या प्रकारची बहुतेक ॲप सारखीच चालतात. प्यायलेली बिअर शोधा, पाचपैकी तारे द्या, दोन ओळी लिहा, जागा नोंदवा. बदल्यात नकाशा, जागोजागचे मेन्यू आणि इतरांची मतं बघायला मिळतात.

आधी जे खरंच उपयोगी पडलं ते. आज टॅपवर, म्हणजे ग्लास भरायच्या नळावर, कुठली बिअर आहे, हे घरबसल्या कळणं. ब्रूपबमध्ये, म्हणजे बिअर जिथे बनते तिथेच विकणाऱ्या पबमध्ये, ती छोट्या घाण्यांत निघते, एक केग (बिअरचं पिंप) संपला की त्या जागी दुसरंच काही लागतं. महिन्यापूर्वी आवडलेली बिअर आज असेलच असं नाही. जी ठिकाणं ॲपवरचा मेन्यू स्वतः सांभाळतात, त्यांच्या बाबतीत ही माहिती चोख निघते. फक्त मेन्यू शेवटचा कधी बदलला ती तारीख बघायची. ती जुनी असेल तर सरळ फोन करायचा.

नकाशा मात्र जपून वापरावा लागतो. स्वतः बिअर बनवून तिथेच विकणारी जागा, ब्रुअरीला जोडलेली टॅपरूम आणि वीस ठिकाणची बिअर आणून विकणारा बार, या सगळ्यांना तो एकाच रंगाची टाचणी लावतो. पाहुण्याला 'इथली' बिअर हवी असते, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची व्याख्या मला सोयीची वाटते: खाण्यापिण्याची नीट सोय असलेली आणि आपल्या बिअरपैकी निदान २५ टक्के त्याच जागी विकणारी ब्रुअरी म्हणजे ब्रूपब. (अमेरिकेत दारूबंदी उठल्यानंतरचा पहिला ब्रूपब १९८२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमात उघडला. त्या देशातल्या हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) मोठा हिस्सा त्याच खोऱ्यात पिकतो. जागा बरोबर निवडली म्हणायची.) टॅपची यादी उघडून घरच्या बिअर किती आणि बाहेरच्या किती, हे मोजायला अर्धा मिनिटही लागत नाही.

आता तारे. इथे ॲपशी माझं बिनसलं ते बिनसलंच.

यादी ताऱ्यांप्रमाणे लावा आणि वरच्या दहा बघा. नऊ-दहा टक्के अल्कोहोलचे इम्पीरियल स्टाउट (काळी, जड बिअर), लाकडी पिंपात मुरवलेलं काहीतरी, फळं घातलेली घट्ट आंबट बिअर आणि रसासारखी गढूळ दुहेरी आयपीए (भरपूर हॉप्स घातलेली बिअर). साधी पिल्सनर, म्हणजे हलकी सोनेरी बिअर, शोधायला बरंच खाली जावं लागतं. असं का होतं ते उघड आहे. लोक चार घोट घेतात आणि तारे देतात, चार घोटांत जी जोरात बोलते तिला गुण मिळतात. गटचर्चेत मोठ्या आवाजाचा उमेदवार निवडला जावा तसं. पण पाहुणा चार घोटांसाठी आलेला नसतो. त्याला संध्याकाळ काढायची असते, दोन-तीन ग्लास गप्पांबरोबर संपवायचे असतात आणि सकाळी उठून बैठकीला जायचं असतं. दहा टक्क्यांचा स्टाउट हे त्या संध्याकाळचं पहिलं पान नव्हे.

शिवाय ब्रूपबची खरी परीक्षा मला तरी त्या खाली घसरलेल्या बिअरमध्येच दिसते. घरच्या लागरमध्ये, म्हणजे थंडीत सावकाश आंबवून मुरवलेल्या साध्या बिअरमध्ये. १८४२ साली योसेफ ग्रोल या बिअर बनवणाऱ्याने आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेनमध्ये पहिली सोनेरी लागर, म्हणजेच पिल्सनर, काढली, तेव्हापासून हा प्रकार जगभर इतका पसरला की त्याची किंमतच राहिली नाही. पण करायला ही बिअर अवघड. हॉप्सचा भडिमार नाही, भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) कडू-गोड चादर नाही, त्यामुळे चूक झाकायला काहीच हाताशी नसतं. आंबवताना जरा घाई झाली की लोण्यासारखा वास राहतो, ऑक्सिजन आत गेला की ओल्या पुठ्ठ्याचा. वर वेळेचं गणित. एल प्रकारची, म्हणजे जरा उबेत आंबवलेली बिअर साधारण दोन-तीन आठवड्यांत टाकीतून बाहेर पडते, नीट केलेल्या लागरला थंडीत मुरायला धरून चार ते सहा आठवडे लागतात. मोजक्याच टाक्या असलेल्या ब्रूपबने त्यातली एक महिनाभर अडकवून ठेवायची आणि तीही ॲपवर साडेतीन तारे मिळवणाऱ्या बिअरसाठी! हे करणाऱ्याला आपल्या कामाची चाड असते, असं मी धरून चालते. आणि जिथे लागर स्वच्छ निघते, तिथलं बाकीचंही सहसा विश्वासाने मागवता येतं.

त्यामुळे आता माझा क्रम उलटा आहे. आधी घरची लागर, पिल्सनर किंवा कोल्श आहे का ते बघायचं. मग त्या बिअरचे तारे त्याच प्रकारातल्या इतर बिअरशी ताडायचे, स्टाउटशी नाही. पिल्सनरला ३.७ असतील तर मी ती आयपीएच्या ४.१ च्या बरोबरीची मानते. हा माझा अंदाज, ॲप असं काही सांगत नाही. ते सांगायला हवं होतं. प्रकारानुसार चाळणी पैसे भरलेल्या आवृत्तीत आहे, पण तीही प्रकारातली सरासरी शेजारी दाखवत नाही.

सरासरीचं दुसरं दुखणं म्हणजे ती जुनी-नवी मतं एकत्र कालवते. तीन वर्षांपूर्वीचा घाणा आणि मागच्या आठवड्यातला घाणा, आकडा एकच. हॉप्सवर उभ्या असलेल्या बिअरला हे मुळीच चालत नाही. गढूळ आयपीएचा सुगंध काही आठवड्यांतच उतरू लागतो, आणि गरम जागी ठेवली तर त्याहून लवकर. म्हणून शेवटच्या पंधरा दिवसांतल्या नोंदी वाचायच्या, आकडा सोडून द्यायचा. त्यातही "भारी!" लिहिणाऱ्यापेक्षा "आज जरा सपाट लागली" लिहिणाऱ्याचं मत जास्त मोलाचं.

आणि काही गोष्टी कुठल्याच ॲपला दिसत नाहीत. बिअर टाकीत उत्तम असेल, पण टॅपपर्यंतच्या नळ्या अस्वच्छ असतील तर ग्लासात आंबूस किंवा लोण्यासारखं काहीतरी येतं. नळ्या निदान दर १४ दिवसांनी धुवाव्यात, असा या धंद्यातला मान्य संकेत आहे. पाहुण्याला मी एवढंच सांगते की ग्लासकडे बघ. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेत का? मग ग्लास नीट धुतलेला नाही. पीत जाशील तसा फेस कड्या-कड्यांनी मागे राहतोय का? मग निश्चिंत पी.

सुचवताना मी आधी पाहुण्याला विचारते, एरवी काय पितोस? नेहमीची बाटलीतली लागर पिणाऱ्याला थेट कडू आयपीएकडे पाठवलं तर तो पुन्हा क्राफ्टच्या वाटेला जात नाही. त्याला कोल्श. वरच्या तापमानाला आंबवून मग लागरसारखी थंडीत ठेवलेली ही बिअर. जर्मनीतल्या कोलोनमध्ये ती २०० मिलीच्या उभ्या, बारीक ग्लासात देतात, आणि १९९७ पासून युरोपीय संघात तिच्या नावाला भौगोलिक संरक्षण आहे. "बिअर कडू असते म्हणून आवडत नाही" म्हणणाऱ्याला जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर. तिच्यातलं केळं आणि लवंग यीस्टमधून येतात, कुणी काही घातलेलं नसतं, हे सांगितलं की निम्मे लोक विश्वास ठेवत नाहीत. कॉफी आवडणाऱ्याला स्टाउट, नायट्रोवर (नायट्रोजनच्या दाबाने ओतलेला) असेल तर जास्त बरं, कारण नायट्रोजनचे बारीक बुडबुडे तोंडात साईसारखे लागतात. आणि ज्याला सगळं माहीत आहे, जो येताना स्वतःच चारच्या वर तारे असलेल्यांची यादी घेऊन येतो, त्याला लागर. त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

एकट्या पाहुण्याने फ्लाइट, म्हणजे छोट्या ग्लासांत वेगवेगळ्या बिअर, मागवावी हे खरं, पण तिचा हिशेब कुणी करत नाही. १२० मिलीचे चार छोटे ग्लास म्हणजे जवळपास अर्धा लिटर, आणि त्यात दोन इम्पीरियल निघाले तर एकूण अल्कोहोल नेहमीच्या मोठ्या ग्लासापेक्षा पुष्कळ जास्त होतं. क्रम हलक्याकडून जडाकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. आंबट मध्येच आली तर पुढची बिअर गोडसर वाटते, तिला शेवटी ढकलावी. गाडी आणली असेल तर हे सगळं बाजूला, बिनअल्कोहोलची काय आहे ते विचारायचं. हल्ली बऱ्याच ठिकाणी निदान एक तरी बरी असते.

परत जाताना बिअर न्यायची असेल तर काचेच्या ग्रोलरपेक्षा (टॅपवरून भरून न्यायच्या मोठ्या बाटलीपेक्षा) जागेवर सील केलेला कॅन घ्यावा. टॅपवरून भरलेला ग्रोलर उघडला की दिवसाभरात संपवावा लागतो, न उघडताही फार टिकत नाही. आणि पारदर्शक किंवा हिरवी बाटली उन्हात ठेवू नये. प्रकाशाने हॉप्समधली द्रव्यं बदलतात आणि उग्र वास मारू लागतो.

ॲपकडे परत येते. बिल्ल्यांचा प्रकार मला अजिबात आवडला नाही. एका दिवसात इतक्या बिअर नोंदवल्या की बिल्ला, सलग इतके दिवस नोंदवल्या की बिल्ला. प्यायला उत्तेजन देण्याची ही रीत बरी नव्हे. सूचना बंद करता येतात, पण बटण सेटिंगच्या तळाशी पुरलेलं आहे. जागेची नोंद मूळ सेटिंगमध्ये सगळ्यांना दिसते, तीही पहिल्याच दिवशी बंद करावी. रात्री नऊ वाजता आपण कुठल्या बारमध्ये बसलोय हे जगाला कळायचं कारण नाही. बॅटरीही खातं.

स्वतःच्या नोंदींसाठी ते उत्तम आहे, त्यात वाद नाही. "लागर स्वच्छ, आयपीए थकलेली, मागच्या बाजूला बसावं" अशा माझ्या ओळी मी प्रत्येक जागेखाली खासगी ठेवते आणि पाहुणा आला की त्याच्यासाठी तीन जागांची यादी करून पाठवते. तीनच. दहा पाठवल्या की तो शेवटी हॉटेलच्या बारमध्येच बसतो. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. वर्ष संपलं की पैसे भरलेली आवृत्ती बंद करणार आहे. नोंदींची फाइल उतरवून घेण्याची सोय तिच्यातच आहे, तेवढं काम मात्र त्याआधी उरकायचं.