म्हापशातला ऑपरेटिंग सिस्टिमचा क्लास: पेज टेबल समजून घ्यायचं असेल तर नक्की जा

म्हापसा मार्केटजवळ पहिल्या माळ्यावर ऑपरेटिंग सिस्टिमचा जो छोटा क्लास चालतो ना, त्याची व्हर्च्युअल मेमरीची (प्रोग्रामला दिसणारे मेमरीचे पत्ते आणि खरी रॅम यांची सांगड) बॅच नुकतीच केली आणि खरंच सांगतो, गोव्यात कॉम्प्युटर शिकणाऱ्या प्रत्येकानं एकदा तिथे बसायला पायजे. कॉलेजात पेजिंग (मेमरीचे छोटे सारखे तुकडे, म्हणजे पेज, पाडायचे आणि कुठलं पेज रॅममध्ये कुठे आहे ते पेज टेबलात लिहायचं) म्हणजे चौकोन काढा, बाण काढा, मार्क घ्या. इथे सर फळ्याकडे जातच नाहीत, आधी टर्मिनल उघडतात.

लिनक्सवर सी मधला छोटासा प्रोग्राम, मॅलॉकने (मेमरी मागायचं फंक्शन) १ जीबी मागितली आणि तिथेच थांबवून ठेवला. टॉपमध्ये (चालू प्रोग्राम दाखवणारी कमांड) व्हर्टचा, म्हणजे मागितलेल्या मेमरीचा आकडा १ जीबीच्या वर पण रेस, म्हणजे खरी वापरलेली रॅम मात्र एक-दोन एमबी, म्हणजे कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नुसता हिशेब लिहून ठेवला, रॅम दिलीच नाही! मग प्रत्येक पेजमध्ये एकेक बाइट लिहायला लावला तसा रेस चढत चढत १ जीबीला जाऊन टेकला आणि मायनर फॉल्ट (पेजला हात लावल्यावर डिस्कवर न जाता कर्नलने रॅम जोडून द्यायची वेळ) झाले २ लाख ६२ हजारांच्या वर. सर म्हणाले, भागून बघा रे. १ जीबी भागिले ४ केबी, म्हणजे एका पेजचा आकार, २,६२,१४४. मागच्या बाकावरची पोरं उठून स्क्रीनपाशी आली. त्यानंतर प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधली व्हीएमपीटीईची (पेज टेबलानं किती मेमरी घेतली त्याची) ओळ दाखवली, ती साधारण २ एमबीनं वाढलेली, कारण दर पेजमागे ८ बाइटची एंट्री, आणि ते टेबलसुद्धा रॅममध्येच राहतं. (हे सगळं ट्रान्सपरंट ह्यूज पेज बंद करून हां, ते चालू केलं की २ एमबीचं अख्खं पेज एकदम मिळतं आणि फॉल्ट धाडकन खाली येतात, तेही करून दाखवलं.)

इथून चार लेव्हलचं टेबल कशाला ते आपोआप कळत गेलं. ४८ बिटांचा पत्ता, त्यातले शेवटचे १२ पेजच्या आतले, वरचे ९-९-९-९, दर लेव्हलला नऊ. ९ बिट म्हणजे ५१२ एंट्र्या, गुणिले ८ बाइट, बरोब्बर ४०९६, म्हणजे टेबलचा प्रत्येक तुकडा पण एका पेजात मावतो! एकच सपाट टेबल ठेवलं असतं तर एकेका प्रोसेसला ५१२ जीबी नुसत्या टेबलालाच गेले असते. टीएलबी (नुकतेच शोधलेले पत्ते लक्षात ठेवणारा प्रोसेसरमधला छोटा साठा), फोर्कनंतरचं (प्रोसेसची दुसरी प्रत काढल्यावरचं) कॉपी ऑन राइट, म्हणजे कुणी लिहीपर्यंत दोघांनी तीच पेजं वापरणं, दोन्ही असंच चालवून दाखवलं. मँचेस्टरच्या ॲटलस मशीनवर १९६२ मध्येच पेजिंग होतं हेही इथेच कळलं.

एक गोष्ट मात्र खटकली, पेज रिप्लेसमेंट, म्हणजे रॅम भरली की कुठलं पेज बाहेर काढायचं ते, फार घाईत उरकलं. एलआरयू, क्लॉक (पेज निवडायच्या दोन पद्धती), स्वॅप (काढलेली पेजं डिस्कवर ठेवणं) सगळं शेवटच्या तासात कोंबलं, आणि आपल्याकडे अजून कितीतरी पोरं ४ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर आणि आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) एकत्र चालवतात, मशीन रडायला लागतं ते नेमकं तिथेच ना, मेजर फॉल्ट, म्हणजे पेज डिस्कवरून परत आणायची वेळ, वाढले की. त्याला पूर्ण एक दिवस द्यायला हवा, सरांना तसं सांगितलंय.

शिकवणं मराठीत, मधेमधे कोंकणी, शंका कितीही विचारा, चिडत नाहीत. शुक्रवारी बाजार असतो त्यामुळे पार्किंग विसरा, बसनेच या. आणि लिनक्स घरूनच घालून आणा, तिथे इन्स्टॉल करत बसलात तर पहिला डेमो हुकेल.