लेबलवर ‘फक्त ड्रायक्लीन’, तरी लिनन घरी धुतलं: आठ महिन्यांचा अनुभव

मार्चमध्ये मी लिननचे दोन कुर्ते घेतले, एक मोतिया आणि एक गडद निळा. त्याच खरेदीत जरीच्या बारीक काठाची साडी आणि नवऱ्यासाठी बिनबाह्यांचं जॅकेट. चारही कपड्यांवर एकच सूचना होती, ‘फक्त ड्रायक्लीन’. दोन महिने ती मी इमानेइतबारे पाळली. दर खेपेला कुर्त्यामागे दीडशे रुपये जात होते, तेही चालवून घेतलं असतं. पण मे महिन्यात मोतिया कुर्त्याच्या काखेत पिवळट पट्टा उमटला आणि प्रत्येक ड्रायक्लीननंतर तो गडदच होत गेला.

असं का होतं हे समजल्यावर माझं मत बदललं. ड्रायक्लीनमध्ये कपडा पाण्याऐवजी सॉल्व्हंटमध्ये फिरवतात, परक्लोरोएथिलीन किंवा पेट्रोलियमपासून काढलेल्या द्रावणात. तेल, तूप, मेकअप त्यात छान निघतं. घामातले क्षार मात्र पाण्यात विरघळणारे. ते बरेचसे काखेतच राहतात, वरून कडक इस्त्री फिरते आणि डाग पक्का होतो. पुण्याच्या उन्हाळ्यात रोज अंगात घातलेल्या कुर्त्याला पाणीच लागलं नाही, तर तो स्वच्छ कसा होणार?

आणि लिनन हे पाण्याला भिणारं कापड नाहीच. ते जवसाच्या खोडातल्या धाग्यापासून बनतं. आपण ज्याची चटणी खातो तेच हे जवस, फक्त धाग्यासाठीची जात उंच आणि कमी फांद्यांची. ती मुख्यतः फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्सच्या किनारी पट्ट्यात पिकते. उपटलेली खोडं शेतातच आडवी पसरून कित्येक आठवडे दवापावसात कुजवतात, तेव्हा कुठे धागा खोडापासून सुटतो. हा धागा ओला झाल्यावर उलट जास्त मजबूत होतो. रेशीम आणि व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) ओले झाले की कमजोर पडतात, म्हणून आधी कापडात काय काय मिसळलंय ते वाचा. दुकानात ‘लिनन’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कपड्यांत व्हिस्कोस असतं. माझे चारही कपडे शंभर टक्के लिननचे होते.

मग लेबल खोटं का? तसं मी म्हणणार नाही. लेबल नुसत्या धाग्याचं नसतं, पूर्ण कपड्याचं असतं: रंग, अस्तर, कॉलरच्या आतला चिकटवलेला थर, बटणं, जरी. अमेरिकेतल्या नियमानुसार तर उत्पादकाने कपडा स्वच्छ करायची एक सुरक्षित पद्धत लिहिली तरी पुरतं. म्हणजे नुसतं ‘ड्रायक्लीन’ लिहिलंय म्हणून पाण्याने नुकसान होईलच असं नाही. पण ‘फक्त’ हा शब्द असेल तर तो इशारा आहे, तो हलक्यात घेऊ नये. शिवाय लेबल मोडून धुतलं आणि काही बिघडलं तर दुकानदार कपडा परत घेत नाही. ती जोखीम आपली.

मोतिया कुर्ता मी जूनमध्ये पहिल्यांदा धुतला. त्याआधी लांबी मोजून ठेवली, ४६ इंच. साध्या पाण्यात सौम्य लिक्विड डिटर्जंट, दहा मिनिटं भिजवणं, हाताने दाबून काढणं. घासणं नाही, पिळणं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपलं, दोन्ही हातांनी झटकून सावलीत दांडीवर टाकला. लांबी ४४.५ इंच झाली. त्यानंतरच्या धुण्यांत मात्र अर्धा इंचही कमी झाली नाही. तेव्हा कुर्ता आधीच अंगाला बेतशीर असेल तर हा विचार सोडून द्या. काखेतल्या पट्ट्यासाठी ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेलं ब्लीच) घातलेल्या कोमट पाण्यात तीनदा भिजवला. पट्टा फिकट झाला, पूर्ण गेला नाही. क्लोरीनचं ब्लीच लिननला लावू नका, धागा खातं ते.

निळ्या कुर्त्याची आधी परीक्षा घेतली. आतल्या शिवणीवर पांढरा ओला रुमाल ठेवून वरून इस्त्री दाबली. रुमाल चांगलाच निळा झाला. मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का करा, असं मला चार जणींनी सांगितलं. तयार कपड्याचा सुटणारा रंग त्याने बसत नाही. तो कुर्ता आजही ड्रायक्लीनलाच जातो.

जॅकेटच्या बाबतीत चूक माझी झाली आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. कुर्ता इतका छान निघाला म्हणून उत्साहात जॅकेटही भिजवलं. वाळल्यावर समोरच्या दोन्ही बाजूंना फोड आल्यासारखं कापड उठलं. आतलं फ्यूजिंग, म्हणजे चिकटवलेला थर, सुटलं होतं. इस्त्रीने बसवायचा प्रयत्न केला, दोन दिवसांत पुन्हा उठलं. अस्तर किंवा कॅनव्हास (आकार टिकवायला आत घातलेलं जाड कापड) असलेलं काहीही घरी धुऊ नका, कापड कितीही चांगलं असो.

मोतिया कुर्ता आता पंचवीसेक वेळा धुऊन झालाय. कारखान्यातला कडकपणा गेला, कापड अंगाला लागत नाही इतकं मऊ पडलंय. चुण्या पडतातच, लिननला लवचिकता कमी असल्याने त्या टळत नाहीत. पूर्ण वाळण्याआधी, दमट असतानाच कडक इस्त्री केली तर पाच मिनिटांत काम होतं. एकदा खडखडीत वाळला की पाण्याचा फवारा मारूनही तसा नीट बसत नाही.

साडी आईच्या सांगण्यावरून रिठ्याच्या पाण्यात धुतली. रंग गेला नाही, जरीलाही काही झालं नाही. पण सुती फॉल आटला आणि खालचा काठ गोळा झाला. चूक साडीची नव्हती, फॉल लावण्याआधी भिजवलेला नव्हता. तो उसवला, नवा फॉल रात्रभर पाण्यात ठेवून वाळवला, इस्त्री केला आणि पुन्हा लावून घेतला. त्यानंतर साडी आणखी दोनदा धुतली. दिवाळीत नेसले तेव्हा निऱ्या सरळ पडल्या.