होम थिएटरची मागची रांग उंच करताना: लाकूड, लोखंड की वीट?

घरात दोन रांगांचं होम थिएटर करायचं तर मागच्या रांगेला चौथरा लागतोच, नाहीतर मागे बसणाऱ्याच्या वाट्याला पुढच्याचं डोकं येतं. हा चौथरा सुतार लाकूड-प्लायचा करून देतो, फॅब्रिकेटर लोखंडी चौकोनी पाइपचा, आणि गवंडी विटांचा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर विटांचा विचार सरळ सोडून द्या. तळमजल्यावरचं स्वतःचं घर असेल तर मात्र तोच आधी बघा.

फरक वजनाचा आहे. राहत्या खोलीच्या स्लॅबवर माणसं आणि सामान यांचा भार आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. तुमचा चौथरा मूळ हिशेबात नसतोच, त्यामुळे त्याचं वजन या २०० मधूनच जातं. १४ इंच उंचीचं भरीव वीटकाम चौरस मीटरला ६०० किलोच्या पुढे जातं, आणि त्यावर अजून कोणी बसलेलंही नसतं. ‘एएसी ब्लॉक (हवेची छिद्रं असलेले सिमेंटचे ठोकळे) हलके असतात’ असं गवंडी सांगेल. ते खरं आहे, पण तेवढ्याच उंचीचं भरीव काम, वर प्लास्टर आणि फरशी धरली की तेही २०० ओलांडतं. लाकडी सांगाडा आणि वर १८ मिमी प्लायचे दोन थर एवढं सगळं मिळून चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास बसतं.

उंची किती, हे मात्र सुताराला विचारू नका, दोरीला विचारा. पडद्याची खालची कड जिथे येणार तिथे भिंतीवर दोरी चिकटवा. पुढच्या जागेवर, नेहमीच्याच खुर्चीत, घरातल्या उंच माणसाला बसवा आणि दोरी त्याच्या डोक्यावरून मागच्या रांगेपर्यंत ताणा. तिथे जमिनीपासून जी उंची भरेल, त्यातून बसल्यावरची डोळ्यांची उंची वजा करा. पुढची रांग पडद्यापासून १० फुटांवर, मागची १६ फुटांवर, डोळे ४० इंचांवर, डोकं ४५ इंचांवर आणि पडद्याची कड २४ इंचांवर असेल, तर चौथरा साडेसतरा इंच लागतो. तीच कड ३० इंचांवर नेली की १४ इंचांत भागतं. म्हणून आधी पडदा थोडा वर घेता येतो का ते बघा. छत साडेनऊ फुटांचं आणि त्यात फॉल्स सीलिंग असेल तर या साडेतीन इंचांची किंमत मोठी आहे.

आता लाकूड की लोखंड? आवाजासाठी मी लाकडाच्या बाजूने आहे. पोकळ चौथरा सबवूफर लागला की घुमतो, आणि लोखंडाचे जोड किंचित जरी ढिले राहिले तरी किणकिणतात. लाकडी सांगाड्याच्या खणांत रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) दाबून भरता येतं, दोन प्लायच्या मधे रबर शीट घालता येते. आडव्या पट्ट्यांमधलं अंतर १६ इंचांपेक्षा जास्त ठेवू देऊ नका, नाहीतर रिक्लायनरच्या पायाखाली प्लाय दबते आणि वर्षभरात करकर सुरू होते. चौथरा भिंतीला टेकवायचा नाही, बोटभर फट ठेवायची, म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीत दणका कमी जातो.

लाकडाचा खरा शत्रू वाळवी. कोकणात किंवा गोव्यात, तळमजल्यावर, ओलसर भिंतीलगत लाकूड नको. तिथे वीट किंवा ब्लॉक उत्तम: न घुमतात, न करकरतात. फक्त खाली ओल अडवणारा थर घाला, नाहीतर वरचा गालिचा पहिल्याच पावसाळ्यात कुबट वास मारेल. खाऱ्या हवेत लोखंडही गंजतं. रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग लावूनच पाइप घरात आणा आणि कापलेली तोंडं बंद करून घ्या. प्लाय कुठलीही वापरलीत तरी आयएस ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का स्वतः बघा.

लोखंड घ्यावं ते भाड्याच्या घरात. कारखान्यातच वेल्डिंग झालेले तीन-चार सुटे भाग आणून बोल्टने जोडले की घर बदलताना चौथराही सोबत येतो, आणि फ्लॅटमध्ये ठिणग्या उडत नाहीत. प्रत्येक जोडात रबर वॉशर घालायला लावा.

चौथरा पुढून मागे साडेसहा फुटांपेक्षा कमी ठेवू नका. रिक्लायनर पूर्ण उघडला की साडेपाच-सहा फूट घेतोच, आणि कडेने चालायला जागा उरायला हवी. पायरी सात इंचांहून उंच नको, अंधारात ती दिसावी म्हणून कडेला बारीक एलईडी पट्टी लावा. वायरींचे पाइप प्लाय ठोकण्याआधी टाकून घ्या, एकदोन रिकामे जास्तीचे ठेवा. आणि चौथऱ्यावर येणारा छताचा पंखा काढून भिंतीवर घ्या: दीड फूट वर उभ्या राहिलेल्या माणसाने हात वर केला तर तो थेट पात्यांत जातो.