पदवी आणि मॅरेथॉन एकाच वर्षी: बेळगावकरांना कुठली जोडी परवडते?

नोकरी सांभाळून पुन्हा शिकायला लागलेली आणि त्याच वर्षी लांब पल्ल्याच्या शर्यतीत नाव घातलेली माणसं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आता भेटतात. बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, पहाटे पळणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाला अजूनही कुणीतरी ‘भरतीला उतरलायस काय?’ म्हणून विचारतंच, ते सोडा. दोन्ही जमतं. पण शिक्षण कुठलं आणि शर्यत कुठली ही जोडी चुकली, की दोन्हीकडून हात हलवत परत यावं लागतं.

वर्गात बसायचं की घरी?

आधी शिक्षणाचं बघू, कारण तिथे नियम आपल्या हातात नसतात. कायद्याची पदवी दूरशिक्षणाने घेतली तर वकिलीच्या सनदेसाठी बार कौन्सिल ती धरत नाही. म्हणजे टिळकवाडीतलं राजा लखमगौडा लॉ कॉलेज असो की दुसरं कुठलं, तीन वर्षं वर्गात बसणं आलं, आणि नियमाने ७० टक्के हजेरी आली. बी.एड. त्याहून कडक. दोन वर्षं, ८० टक्के हजेरी, आणि शाळेत जाऊन शिकवण्याचे वीस आठवडे. त्या आठवड्यांत हजेरी ९० टक्के लागते. नोकरीत रजा किती उरते हे आधी मोजा, मग बुटांच्या दुकानात जा.

दुसरी वाट इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, किंवा म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची. हजेरीचा फास नाही, म्हणून लोक ही वाट सोपी समजतात. इग्नूचा हिशेब मात्र स्पष्ट आहे: एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वर्षाला ४० क्रेडिट घेतली तर १२०० तास, आठवड्याला साधारण २३. एवढे तास प्रत्यक्षात फार थोडे लोक देतात हे खरं, पण निम्मे धरले तरी रोजचा दीड-पावणेदोन तास झाला. शाळा मराठी माध्यमातून झालेली असेल तर यात आणखी भर धरा. पुस्तकं बहुधा इंग्रजीत येतात. वाचून कळतं, पण उत्तर लिहिताना हात अडखळतो, आणि तो सराव वेगळा करावा लागतो.

या वाटेचा मोठा फायदा म्हणजे ढिलाई. दोन वर्षांचं एम.ए. इग्नूत चार वर्षांपर्यंत पुरं करता येतं. परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा, त्यामुळे दोन पेपर पुढच्या खेपेला ढकलले तरी वर्ष बुडत नाही. पळणाऱ्या माणसासाठी ही सवलत सोन्याची आहे. वर्गातल्या कोर्सात तिला जागाच नाही.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाबद्दल इथे बरेच जण विचारतात, कारण कोल्हापूर-गडहिंग्लजचे पाहुणे तिथूनच शिकलेले असतात. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालवता येत नाही, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी) नियम आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मामाचा पत्ता लावून प्रवेश घेण्याची युक्ती कुणी सुचवली तर हसून सोडून द्या. आणि कुठेही पैसे भरण्याआधी त्या वर्षाच्या मान्यतेची यादी बघा. खुद्द म्हैसूरच्या विद्यापीठाची मान्यता २०१३ नंतर अडकली होती, ती २०१८ मध्ये परत मिळाली. मधल्या विद्यार्थ्यांना त्याचा किती मनस्ताप झाला, ते आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

अर्धी की पूर्ण?

हाफ म्हणजे २१.१ किलोमीटर, फुल म्हणजे ४२.१९५. अंतर दुप्पट आहे म्हणून तयारीही दुप्पट, असा हिशेब लोक मांडतात. वेळेचा खर्च त्याहून जास्त होतो. आधीपासून पाच-सहा किलोमीटर पळणाऱ्याला हाफसाठी बारा ते चौदा आठवडे, आठवड्यातून तीन-चार दिवस पुरतात, आणि रविवारची लांब धाव १६ ते १८ किलोमीटरवर थांबते. किलोमीटरला सात मिनिटं धरली तर दोन तासांच्या आसपास. आंघोळ, नाश्ता उरकून अकराला पुस्तक उघडता येतं.

फुलसाठी सोळा ते वीस आठवडे, आणि शेवटी शेवटी ३० ते ३२ किलोमीटरच्या रविवारच्या धावा. त्याच वेगाने साडेतीन तास आणि वर. त्यानंतर तो रविवार संपलेलाच असतो. जेवलं की झोप येते, संध्याकाळी पाय ओढत चहा करायचा. त्या दिवशी अभ्यास होत नाही, आणि खरं सांगायचं तर सोमवारीही अर्धवटच होतो. त्यात मुक्त विद्यापीठाची संपर्क सत्रं, म्हणजे केंद्रावरची शिकवणी, बहुधा शनिवार-रविवारीच ठेवलेली असतात.

कॅलेंडर समोर ठेवा

बहुतेक लोक दिवसाचे तास मोजतात: पहाटे पळेन, रात्री वाचेन. माझ्या मते खरा घोटाळा महिन्यांचा असतो.

मुंबईची टाटा मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथली फुल धरली तर ३० किलोमीटरच्या पुढच्या धावा डिसेंबरात येतात, आणि इग्नूची परीक्षाही डिसेंबरातच. म्हणजे ज्या महिन्यात झोप सगळ्यात जास्त लागते, त्याच महिन्यात ती सगळ्यात कमी मिळते. मुंबईची फुल करायचीच असेल तर त्या डिसेंबरात पेपर ठेवू नका, सगळे जूनला ढकला. शिवाय छातीवरचा नंबर घ्यायला आधीच्या दिवसांत स्वतः मुंबईत जावं लागतं, म्हणजे प्रवासासह दोन-तीन दिवस गेले. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, म्हणजे परीक्षेच्या अगदी तोंडावर.

उलट साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात होते. जूनची परीक्षा आटोपली की तयारीला वेग द्यायचा, शर्यत संपली की डिसेंबरच्या पेपरांना अडीच-तीन महिने हातात. इग्नूवाल्यांसाठी हे गणित इतकं चांगलं बसतं की मी दुसरी शर्यत सुचवायला कचरतो. सातारा गाडीने चार-पाच तासांवर, शनिवारी जाऊन रविवारी रात्री घरी.

एकच अडचण, आणि ती मोठी आहे: पाऊस. साताऱ्याची सगळी तयारी जून ते ऑगस्टमध्ये येते. तेव्हा बेळगावात झड लागलेली असते, आणि जांबोटी-कणकुंबीकडे तर विचारूच नका. बूट दोन जोड लागतात, कारण एक वाळतच नाही. पण ती शर्यतही पावसातच, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जाऊन परत येण्याची. म्हणून हा सराव वाया जात नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ पंधरा दिवसांतून एकदा केलात तर घाट अंगावर येत नाही. धुक्यात आणि निसरड्यावर मात्र उतरताना पळू नका, चाला.

हिवाळ्यातली हवा फुलच्या सरावाला उत्तम, पण डिसेंबरात सात वाजत आले तरी सूर्य नीट वर आलेला नसतो. लांब धाव अंधारातच सुरू करावी लागते. कॅम्पातले रस्ते त्यातल्या त्यात बरे. निपाणीकरांनी पुणे-बेंगळूर हमरस्त्यावर पळण्याचा मोह टाळावा, आतले चिकोडीकडचे रस्ते बघावेत. भटक्या कुत्र्यांसाठी दोघं-तिघं मिळून निघणं हाच उपाय मला माहीत आहे.

मग कुणी काय धरावं?

एलएल.बी. किंवा बी.एड.ला प्रवेश घेतला असेल तर पहिल्या वर्षी दहा किलोमीटर, फार तर हाफ, आणि तीही सेमिस्टर परीक्षेपासून निदान दोन महिने दूर असेल तरच. आपल्याकडे परीक्षा लांबतात, त्यामुळे वेळापत्रक हातात पडेपर्यंत शर्यतीचे पैसे भरू नका. बी.एड.च्या शाळेतल्या सरावाच्या आठवड्यांत शर्यतीचं नावच काढू नये.

इग्नू आणि सातारा हाफ ही जोडी नोकरी, घर आणि लहान पोरं असलेल्या माणसालाही झेपते. शर्यत झाली की पहाट अभ्यासाला द्या आणि संध्याकाळी टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात चाळीस मिनिटं हलकं पळा. पहाट एकच आहे, ती दोघांत वाटली की दोन्ही अर्धवट राहतात.

फुलच हवी असेल आणि पदवीही, तर पदवीचं वर्ष वाढवा. चार वर्षांची मुदत त्यासाठीच आहे, आणि नोकरीवाल्याला एम.ए. एक वर्ष उशिरा मिळालं म्हणून पगारात फारसा फरक पडत नाही. बढती त्या पदवीवर अडली असेल तर मात्र हिशेब उलटा करा: आधी पेपर, आणि मुंबईचा नंबर पुढच्या जानेवारीला.