दत्तकपत्र, ‘कारा’ की पालकत्वाचा आदेश: पुण्यात निर्णय घेण्याआधी

वकिलाकडे गेल्यावर बहुतेक जोडपी आधी विचारतात, ‘लवकरचा मार्ग कोणता?’ त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: मूल आज कायद्याने कोणाच्या ताब्यात आहे. मार्ग त्यावरून ठरतो.

मूल नात्यातलं आहे, जन्मदाते हयात आणि राजी आहेत, दोन्ही घरं हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख आहेत, तर 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तक घेता येतं. मूल प्रत्यक्ष देणं-घेणं हा या दत्तकाचा गाभा. होम सक्तीचा नाही. त्यानंतर दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं. देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या असलेलं नोंदणीकृत पत्र असेल, तर कलम 16 नुसार उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालय दत्तक कायदेशीर धरतं. नुसत्या नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरला हे पाठबळ नाही, आणि ते तेव्हा कळतं जेव्हा पासपोर्ट अडतो किंवा वारसाचा वाद न्यायालयात जातो. तेव्हा देणारे जन्मदाते साक्षीला हयात असतीलच असं नाही.

पत्र नोंदवलं तरी मुळातल्या अटी मोडल्या असतील तर दत्तक टिकत नाही. मुलगा, मुलाचा मुलगा किंवा त्याचाही मुलगा हयात असताना मुलगा दत्तक घेता येत नाही. मुलगी किंवा मुलाची मुलगी असताना मुलगी घेता येत नाही. मुलाला 15 वर्षं पूर्ण झालेली नसावीत आणि त्याचं लग्न झालेलं नसावं, वेगळी रूढी सिद्ध झाली तरच अपवाद. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा घेतला तर वयात किमान 21 वर्षांचं अंतर हवं. जोडीदाराची संमती हवी. सर्वाधिक चूक होते ती अनाथ नातवंडांच्या बाबतीत: आई-वडील दोघेही नसतील, तर आजी-आजोबा स्वतःच्या अधिकारात मूल दत्तक देऊ शकत नाहीत, न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. वैध दत्तक पुढे रद्दही करता येत नाही. त्यामुळे ‘आधी कागद करू, मग बघू’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

संस्थेतलं किंवा अनोळखी मूल हवं असेल तर बाल न्याय कायदा 2015 आणि ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं पोर्टल हाच रस्ता. इथे धर्माची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये हे स्पष्ट केलं. पुण्यात ससूनच्या आवारातलं ‘सोफोश’चं श्रीवत्स आणि भारतीय समाज सेवा केंद्र ही या कामातली जुनी नावं, पण पोर्टलच्या प्रतीक्षायादीतला क्रम कोणतीही संस्था बदलू शकत नाही. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज 85 पेक्षा जास्त नको, एकट्या व्यक्तीचं वय 40 पेक्षा जास्त नको. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी हेच आकडे 90 आणि 45. एकटा पुरुष मुलगी घेऊ शकत नाही. मूल सुचवल्यावर 48 तासांत राखून ठेवावं लागतं. फोन बंद ठेवून प्रवासाला गेलेल्यांची संधी इथे हुकते. लहान बाळासाठी प्रतीक्षा वर्षानुवर्षांची असते. सप्टेंबर 2022 पासून कायद्याने दत्तकाच्या आदेशाचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो.

याच कायद्याने नातेवाइकाचं मूलही घेता येतं, पण त्यातले ‘नातेवाईक’ म्हणजे काका-आत्या, मामा-मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलतभावाचं मूल या व्याख्येत बसत नाही. सावत्र पालकाला मात्र वेगळी सोय आहे; अडतं ते दुसऱ्या जन्मदात्याच्या संमतीवर. ताब्याचा दावा सुरू असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागतं. एकट्या, नोकरी करणाऱ्या बाईला कमी लेखण्याचं कारण नाही: एप्रिल 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, नोकरी करणारी घटस्फोटित मावशी मुलाकडे लक्ष देऊ शकणार नाही हे खालच्या न्यायालयाचं म्हणणं साफ नाकारलं.

तिसरा पर्याय, 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखालचा आदेश, शाळा, दवाखाना, बँक यांपुरता कामाचा. मूल जिथे राहतं तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा. पुण्यात त्यासाठी शिवाजीनगर. पण हा अधिकार मूल 18 वर्षांचं होईपर्यंतच, आणि न्यायालय पालकाला हटवूही शकतं. मूल आपोआप वारस होत नाही, मृत्युपत्र वेगळं करावं लागतं. मुलाची स्थावर मालमत्ता विकायला न्यायालयाची परवानगी हवी. जन्मदाते काही काळाने सावरतील अशी आशा असेल, तर आमच्या मते हाच पर्याय योग्य; दत्तक त्यांचं नातं कायमचं तोडतं.

रुग्णालयातून किंवा ओळखीच्या बाईमार्फत ‘थेट बाळ’ मिळत असेल, तर तिथूनच मागे फिरा. बाल न्याय कायद्याखाली बेकायदा दत्तकाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाची विक्री ठरली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. जिला बाळ सांभाळणं शक्य नाही त्या आईने बाल कल्याण समितीसमोर समर्पण करावं, म्हणजे बाळ कायदेशीरपणे समितीकडे सोपवावं. फेरविचाराला तिला 60 दिवस मिळतात, ते तिच्या हक्काचे आहेत.

वकील निवडताना त्याला आधी हे विचारा: दत्तकपत्रावर सही कोण करणार, आणि त्याला तो अधिकार कुठून आला? पोर्टलच्या मार्गाला वकील सक्तीचा नाही. पैशांची अडचण असलेल्यांनी शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.