सव्वा इंचात मावणारं आकाश: ३२ मिमी प्लॉसल नेत्रिका, दोन हिवाळे वापरल्यावर

माझ्याकडे १३० मिमी आरशाची, ६५० मिमी नाभीय अंतराची (फोकल लेंथ) छोटी डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने वळवायची, दुर्बीण आहे. स्टुलावर ठेवून वापरायची. तिच्यासोबत २५ आणि १० मिमीच्या दोन नेत्रिका (डोळा लावायची भिंगं; आकडा त्यांच्या नाभीय अंतराचा) आल्या होत्या. चंद्र, गुरूचे चार मोठे उपग्रह, शनीची कडी यांना त्या पुरल्या. अडलं ते कृत्तिकांपाशी. २५ मिमीतून कृत्तिका दिसायच्या, पण चौकट पार भरून. भोवती काळं आकाश उरलं नाही की तो गुच्छ वाटत नाही, सुटे तारे वाटतात. म्हणून कमी वर्धनाची, जास्त आकाश दाखवणारी एक नेत्रिका घ्यायची ठरवली. हाताशी चार हजार रुपये होते. मी नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात राहते, शाळेत गणित शिकवते, वय ५१, चष्म्यात दोन्ही डोळ्यांना सिलिंडरचा नंबर. वय आणि नंबर मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर अडला.

पहिली खरेदी चुकली. शहरातल्या एका दुकानात ४० मिमीची नेत्रिका मिळाली. "मॅडम, नंबर जेवढा मोठा ना, तेवढं आकाश जास्त भेटते," असं दुकानदार म्हणाले आणि मला ते पटलं. ६५० भागिले ४०, म्हणजे साधारण १६ पट. २५ मिमीतून २६ पट. वर्धन कमी झालं म्हणजे आकाश वाढणारच, असं मी धरून चालले.

माझ्या दुर्बिणीचा फोकसर, म्हणजे नेत्रिका बसवायची जागा, सव्वा इंची आहे. या मापाच्या नेत्रिकेच्या नळीत एक कडं असतं, त्याला फील्ड स्टॉप म्हणतात. किती आकाश दिसणार ते हे कडं ठरवतं, आणि सव्वा इंचाच्या नळीत ते २७ मिमीच्या आसपास येऊन थांबतं, कारण त्याहून मोठ्याला जागाच नाही. ३२ मिमीची साधी प्लॉसल (नेत्रिकेची चार भिंगांची एक जुनी रचना) ही मर्यादा गाठते. ४० मिमीसुद्धा त्याच २७ मिमीतून बघते. आकाश तेवढंच, फक्त आणखी बारीक करून दाखवलेलं. ३२ मिमीचा दृश्यकोन (चित्र डोळ्याला किती रुंद भासतं तो कोन) ५२ अंशांच्या आसपास असतो, ४० मिमीचा ४३ वर येतो. लांब पाइपातून बघितल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

दुसरं नुकसान मला दिवसा कळलं. लांबच्या पाण्याच्या टाकीवर दुर्बीण रोखली तर चित्राच्या मधोमध एक काळसर डाग हलत होता. आरसा खराब झाला या भीतीने मी ती सगळी उघडायला निघाले होते. तो डाग म्हणजे दुर्बिणीतल्या लहान तिरप्या आरशाची सावली. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या झोताची जाडी काढायची तर नेत्रिकेचा आकडा दुर्बिणीच्या एफ आकड्याने भागायचा. एफ आकडा म्हणजे दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आरशाचं माप; माझी दुर्बीण एफ ५, म्हणून ४० भागिले ५ बरोबर ८ मिमी. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिमीपर्यंत उघडते, पन्नाशीत ती पाच-साडेपाचच्या आसपास राहते. उरलेला प्रकाश बाहुलीच्या बाहेर, बुबुळावर पडून वाया जातो. दिवसा तर बाहुली दोन-तीन मिमीचीच असते, म्हणून मधली सावली तिला जवळजवळ झाकून टाकते.

मग दुसऱ्या वेळी कागद-पेन घेऊन बसले. पुढे तीन पर्याय होते.

२४ मिमी, ६८ अंश दृश्यकोनाची नेत्रिका माझ्या दुर्बिणीला सगळ्यात योग्य. तिचं कडंही २७ मिमीच्या जवळ जातं, म्हणजे आकाश ३२ मिमीइतकंच, पण वर्धन २७ पट आणि झोत ४.८ मिमी. सगळा प्रकाश डोळ्यात. चांगल्या बनावटीची मात्र चार हजारांच्या बऱ्याच बाहेर. ६६ अंशांची स्वस्त २० मिमी शाळेतल्या सहकाऱ्याकडून आठवडाभर मागून आणली: ३२ पट, सुमारे दोन अंश आकाश. मध्यभाग छान, पण एफ ५ च्या तिरप्या किरणांना ती पेलत नाही, कडेच्या तृतीयांशात ताऱ्यांच्या रेघा होतात. कृत्तिका बघताना नेमकी कडच महत्त्वाची असते. दोन इंची नेत्रिका माझ्या फोकसरला बसतच नाही.

उरली ३२ मिमी प्लॉसल. प्लॉसल नावाच्या भिंगकाराने ही रचना व्हिएन्नात १८६० साली केली, आणि चार भिंगांत इतकं स्वच्छ चित्र देणारं एवढ्या पैशांत अजून काही माझ्या हाती आलेलं नाही. मी जीएसओ कंपनीची घेतली, तीन हजारांच्या थोडी आत पडली.

आल्या आल्या तिचं माप घेतलं. मृगाच्या पोटातल्या त्रिकांडापैकी पश्चिमेकडचा तारा आकाशाच्या विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. तो दर मिनिटाला सुमारे पाव अंश सरकतो. डॉब्सोनियनला मोटार नसल्यामुळे काम सोपं: तारा एका कडेला आणायचा, दुर्बिणीला हात लावायचा नाही आणि तो मधून जाऊन दुसऱ्या कडेला नाहीसा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. २५ मिमीत ७ मिनिटं २० सेकंद, ३२ मिमीत ९ मिनिटं ३१ सेकंद. म्हणजे १.८४ अंशांवरून २.३९ अंश. गणित उलटं केलं तर कडं २७ मिमीचं निघतं. माझ्या नववीच्या मुलींना हा प्रयोग मी गच्चीवर करून दाखवला. पुस्तकातलं त्रैराशिक त्या दिवशी त्यांना खरं वाटलं.

२.३९ अंशांत पूर्ण चंद्र ओळीने जवळपास पावणेपाच बसतील. त्रिकांडाचे तिन्ही तारे मात्र बसत नाहीत, त्यांच्या दोन टोकांत पावणेतीन अंश आहेत. पण खाली लटकणारा ताऱ्यांचा झुबका तेजोमेघासकट आरामात मावतो.

आता तिची बाजू आणि तिच्या मर्यादा. ३२ भागिले ५ म्हणजे ६.४ मिमी झोत. माझी बाहुली साडेपाच धरली तर १३० मिमीचा आरसा माझ्यासाठी ११२ मिमीचा उरतो, चौथा हिस्सा प्रकाश वाया. त्रिमूर्ती नगरच्या गच्चीवरून बघताना आणखी एक गोष्ट खुपते: कमी वर्धनात शहराच्या उजेडाने धुतलेलं आकाशही तितकंच उजळ दिसतं. पार्श्वभूमी काळी राहत नाही, राखाडी होते. अंधुक तेजोमेघ त्यात विरघळतात. गच्चीवर मी हिने वस्तू शोधते आणि सापडली की २५ मिमी लावते. कृत्तिका नागपुरात माथ्यापासून जेमतेम तीन अंश उत्तरेकडून जातात. तिथे डॉब्सोनियन वळवणं फार अवघड, जराशा धक्क्याने नेम कुठल्या कुठे जातो. एवढं मोठं क्षेत्र असलं तर तिथंही हरवायला होत नाही.

तिची खरी किंमत मला पेंचच्या जंगलाजवळ सिल्लारीला कळली. पेंच २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेली जागा, झालं. पौष अमावास्येच्या जवळच्या शनिवारी आम्ही जबलपूर रोडने मनसर ओलांडून तिकडे मुक्कामाला गेलो आणि अंगणातच दुर्बीण मांडली. तिथे पार्श्वभूमी काळी होती. देवयानीची दीर्घिका चौकटीच्या या टोकापासून त्या टोकाकडे पसरलेली आणि तिच्या दोन्ही सोबतिणी, म्हणजे शेजारच्या लहान दीर्घिका, त्याच चौकटीत. नागपुरात मी तिचा फक्त मधला ठिपका बघत आले होते. साडेआठच्या सुमारास कृत्तिका माथ्यावर आल्या. भोवती काळं आकाश, मध्ये निळसर तारे. हेच हवं होतं.

चष्म्याबद्दल सविस्तर सांगते, कारण विकणारे हे सांगत नाहीत. नुसता दूरचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की झालं. सिलिंडरचा नंबर फोकसने जात नाही, आणि झोत जितका जाड तितका तो जास्त दिसतो. १० मिमीत झोत दोनच मिमीचा, तिथे मी चष्मा काढून बघते आणि तारे ठिपक्यासारखे दिसतात. ३२ मिमीत चष्मा काढला तर प्रत्येक ताऱ्याला पंख फुटतात. म्हणून चष्म्यासकट बघता आलं पाहिजे. ही प्लॉसल वीस मिमीहून थोड्या जास्त अंतरावरून बघू देते. रबरी कप दुमडला की चष्म्यातूनही पूर्ण चौकट दिसते.

सिल्लारीला सासूबाईही होत्या. त्यांचं दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. घरच्या १० मिमीला डोळा नेमका कुठे ठेवायचा ते त्यांना कधी जमलं नाही, "काही दिसत नाही ग" म्हणून बाजूला व्हायच्या. इथे खुर्चीवर बसवून कृत्तिका दाखवल्या, चष्म्यासकट डोळा जवळ नेताच त्या गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सहाच सांगतात ना? इथे तर मोजून होत नाहीत."

कडेबद्दलही सांगायला हवं. एफ ५ ला बाहेरच्या पाचव्या हिश्श्यात तारे लांबट होतात. काही दोष प्लॉसलचा, काही आरशाचाच. एफ ८ च्या दुर्बिणीत हीच नेत्रिका कडेपर्यंत बरीच स्वच्छ राहील आणि झोतही चारच मिमीचा. तुमची दुर्बीण तशी असेल तर डोळे मिटून घ्या. एफ ५ असेल, वय पन्नाशीपुढचं असेल आणि शहराबाहेर जाणं होत नसेल, तर २५ मिमीवरच थांबा आणि २४ मिमी, ६८ अंशांसाठी पैसे साठवा. सव्वा इंची फोकसरसाठी ४० मिमी घेऊ नका. माझी मी आता खोक्यात ठेवून दिली आहे.