न बदललेल्या ट्रान्सफर स्विचचे २,४९० डॉलर

अमेरिकेत जुनी आरव्ही (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) विकत घेणाऱ्या किंवा सुट्टीत भाड्याने घेऊन ग्रँड कॅन्यनकडे निघणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहीत आहे, कारण ज्या फिरत्या मेकॅनिकने आमच्याकडून २,४९० डॉलर उकळले, तो त्याच रस्त्यावर आजही धंदा करीत आहे. भेटीचे १८५, ‘तपासणी’चे २४०, नव्या ट्रान्सफर स्विचचे (बाहेरची वीज आणि जनरेटरची वीज यांत अदलाबदल करणारा स्विच) ६९० आणि जनरेटरच्या कंट्रोल बोर्डाचे १,३७५ डॉलर, असा त्याचा हिशोब होता. यांपैकी स्विच बदललाच गेला नाही आणि बोर्ड कधी बिघडलाच नव्हता.

बिघाड तसा साधा होता. कॅम्पग्राउंडच्या खांबावरून वीज घेतली की गाडीतले सर्व काही सुरळीत चाले; जनरेटर लावला की तो व्यवस्थित घरघरत राही, पण एसी, मायक्रोवेव्ह किंवा एकही प्लग चालत नसे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरच्या मॅदर कॅम्पग्राउंडवर वीजजोडणी मिळत नाही आणि आमचे आरक्षण तिथले होते, त्यामुळे दुरुस्ती वाटेतच उरकणे भाग होते. या लोकांना नेमकी हीच घाई हेरता येते.

ज्या क्षणी आम्हाला शंका यायला हवी होती, तो आठवला की आजही संताप होतो. मेकॅनिकने जनरेटर सुरू केला. जनरेटरने वेग धरेपर्यंत त्याच्यावर भार पडू नये म्हणून ट्रान्सफर स्विच साधारण अर्धा मिनिट थांबतो आणि मग आतला कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो. तसा तो ओढला गेला. पलंगाखालच्या, ट्रान्सफर स्विचच्या पेटीतून ‘टक्’ असा स्पष्ट आवाज आला, तो मीही ऐकला आणि त्यानेही ऐकला. जनरेटरची वीज पेटीपर्यंत पोहोचल्याशिवाय तो आवाज येऊच शकत नाही. म्हणजे जनरेटर वीज तयार करीत होता, बोर्डाचा काही संबंध नव्हता आणि दोष त्या पेटीच्या आत किंवा तिच्या पुढे होता. तरीही तो शांतपणे म्हणाला, “जनरेटर वीजच देत नाही, बोर्ड गेला आहे आणि त्यामुळे स्विचही जळला आहे.” त्याचा मल्टिमीटर शेवटपर्यंत पिशवीतून बाहेर आला नाही. जनरेटरच्या बाजूला १२० व्होल्ट आहेत का आणि पेटीतून बाहेर पडणाऱ्या तारांवर ते मिळतात का, एवढे मोजायला पाच मिनिटेही लागत नाहीत. जो मोजत नाही, त्याला पैसे देऊ नका. आम्ही दिले, कारण रणरणत्या उन्हात, दोन लहान मुले सोबत असताना, अंगावर गणवेश आणि गाडीवर फलक असलेल्या माणसाशी विजेवरून वाद घालण्याइतके ज्ञान सामान्य ग्राहकाकडे असावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्यानंतर जनरेटरवर सर्व काही चालू लागले, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. लबाडी उघडी पडली ती घरी परतल्यावर. गॅरेजमधल्या प्लगला गाडी जोडली की तिथला जीएफसीआय (वीज गळती झाल्यास पुरवठा तोडणारे सुरक्षा साधन) तत्काळ उडे. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने पेटी उघडली तेव्हा आत तोच जुना स्विच होता. स्क्रूंवर धूळ बसलेली होती, जनरेटरच्या बाजूचा न्यूट्रलचा (परतीच्या तारेचा) संपर्क जळून काळा पडलेला होता आणि न्यूट्रल व अर्थिंग यांना जोडणारा हिरव्या तारेचा एक नवाकोरा तुकडा तेवढा चमकत होता.

हा तुकडा म्हणजे निव्वळ पैशांची फसवणूक नव्हे. आरव्हीच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंग वेगळेच ठेवायचे असतात. ते एकत्र येतात ते विजेच्या उगमापाशी, म्हणजे जनरेटरवर किंवा कॅम्पग्राउंडच्या मुख्य पुरवठ्यावर. आमच्या गाडीत जनरेटरचा सगळा परतीचा प्रवाह अर्थिंगच्या तारेतून वाहत होता. कॅम्पग्राउंडची वीज घेताना न्यूट्रल आणि अर्थिंग या दोन्ही तारा कुठे सैल झाल्या असत्या, तर गाडीच्या पत्र्यात १२० व्होल्ट उतरले असते आणि ओल्या जमिनीवर उभे राहून दाराची कडी धरणाऱ्या मुलाला त्याचा धक्का बसला असता. त्याने हे जाणून केले, कारण ती जोडणी कशी चालते हे माहीत असल्याशिवाय कोणी ती करीत नाही.

आता दाद मागण्याविषयी. पैसे फोनवरून थेट खात्यातून गेले होते. “व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला आहे,” एवढे सांगून बँकेने हात वर केले. क्रेडिट कार्ड असते तर १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याखाली हरकत घेता आली असती, म्हणून ‘कार्ड चालत नाही’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगून तक्रार नोंदवलीच नाही. इलेक्ट्रिशियनांना परवाने देणाऱ्या कार्यालयाने वाहनातली वायरिंग आपल्या कक्षेत येत नाही असे कळवले, तर वाहनांच्या कार्यालयाने हे घरगुती विजेचे काम आहे म्हणून तेच पत्र पुन्हा पहिल्या कार्यालयाकडे बोट दाखवून परत केले. मुले ज्या पलंगावर झोपत होती त्याच्याखालची जीवघेणी तार नेमकी कोणाच्या कक्षेत येते, याचे उत्तर या टोलवाटोलवीत कोणीही दिले नाही. ग्राहक विभागाने मेकॅनिकला एक पत्र धाडले, त्याने उत्तर दिले नाही आणि विभागाने ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून आमचीच फाइल बंद केली. छायाचित्रे आणि इलेक्ट्रिशियनचा लेखी अहवाल कोणी उघडून पाहिल्याची एकही खूण त्या शेऱ्यात नाही. लहान दाव्यांचे न्यायालय आहे, पण दावा त्याच्या गावी जाऊन लावायचा आणि येण्याजाण्याचा खर्च आपणच सोसायचा.

काढलेला जुना भाग हातात मिळाल्याशिवाय बिल चुकवू नका. आमचा ‘जळलेला’ बोर्ड सोबत नेत असल्याचे सांगून तो गेला, पण जनरेटरमध्ये आजही मूळचाच बोर्ड बसलेला आहे. काम झाल्यावर पेटीचे झाकण त्याच्याकडूनच उघडून घ्या आणि छायाचित्र काढा. जळालेला स्विच आणि तो हिरवा तुकडा मी जपून ठेवला आहे, दावा त्याच्याच गावी दाखल करणार आहे, आणि त्या भागात अशाच प्रकारे कोणी फसले असेल तर त्यांनी आपली बिले आणि छायाचित्रे माझ्याकडे पाठवावीत. एकापेक्षा अधिक तक्रारदार एकत्र आले, तर बंद केलेली फाइल पुन्हा उघडायला लावता येईल.